पार्लरवरची अँटेना

"आधी ते बंद करा. बाकीचं मग बोलू," हौसराव शितोळ्यांनी पार्लरच्या दारातूनच फर्मान सोडलं.

खुर्चीत तोंडाला लेप लावून बसलेल्या बाईने एक डोळा उघडला. अनुपमाताईंनी घाईघाईने हात पुसले.

"दादा, एवढा जिना चढायचा न्हवता तुम्ही. बसा, पाणी आणते."

"पाणी नको. तुमचा रिपीटर बंद करा."

केडगावच्या पेठेत ब्यूटी पार्लर, आणि त्याच्या गच्चीवर वायरलेसची अँटेना! हौसरावांना हा आपल्या छंदाचा अपमान वाटायचा. कुरकुंभच्या कंपनीत त्यांची अख्खी हयात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. शिरूर-दौंडातले बाकीचे हौशी वायरलेसवाले त्यांच्या लेखी निव्वळ ठोंबे होते. कोणाला तारेला सोल्डरचा धड डाग देता येत नाही, कोणी अँटेनाचं पाप बॅटरीच्या माथी मारतो. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ही अनुपमाताई. परीक्षा देऊन लायसन मिळवलं, पण हवेवर येऊन बोलायचं काय, तर "राम राम मंडळी, चहा झाला का?"

तेही हौसरावांच्या रिपीटरवरून. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेला डबा. हातातल्या सेटचा दुबळा आवाज झेलायचा आणि जोर लावून लांब फेकायचा, एवढंच त्याचं काम. हौसरावांनी तो न्हावऱ्याकडे, सोपानराव कोरेकरांच्या माळावरच्या टेकडीवर बसवला होता. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी टेकडी बंद केली. तेव्हापासून सोपानरावच वर जाऊन बघून येत आणि दर वेळी एकच निरोप देत, "झ्याक चाललंय."

"चालणारच! एकदा लावला, परत हात लावावा लागला नाही. याला म्हणतात काम!" हौसराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. ते ऐकून ऐकून कंटाळलेली त्यांची बायको, प्रतिभा, उठून स्वयंपाकघरात जाई.

आज त्याच रिपीटरची परीक्षा होती. भीमेला पूर येऊन मोबाइल बंद पडले तर कोणाच्या रिपीटरवर भिस्त ठेवायची, हे तहसीलवाले ठरवणार होते. एक साहेब शिरूरला, एक दौंडला, दोघांच्या हातांत सेट. ऑपरेशन झाल्यापासून लोक हौसरावांशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत. त्यांना त्याची किळस आली होती. आज तीच माणसं पुन्हा त्यांना सर म्हणणार होती. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा जीव टांगला होता.

आणि सकाळीच माशी शिंकली. दौंडच्या घराच्या गच्चीवर ते सेट छातीशी धरून गोल फिरले. मध्ये आपलं अंग येतं, त्यामुळे पाठ करू त्या बाजूचा सिग्नल पडतो. सिग्नल कुठून येतो हे शोधायची ही जुनी रीत. न्हावऱ्याच्या दिशेला तोंड केलं तर सिग्नल बेताचाच. केडगावकडे वळले आणि काटा पार टोकाला गेला.

हौसरावांच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे बाईने गुपचूप आपला डबा लावला होता, तोही त्यांच्याच फ्रिक्वेन्सीवर! डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली, म्हणून त्यांनी सोपानरावांना बोलावलं. सोपानरावांनी "आज कशाला, टेस्ट होऊ द्या की" म्हणून बघितलं, आणि मग वरातीत चालवावी तशी गाडी चालवली.

आता तेच सोपानराव जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"दादा," अनुपमाताई म्हणाल्या, "आजची टेस्ट होऊ द्या. संध्याकाळी मी सवताच्या हातानं बंद करते."

"का? आज माझ्या सिग्नलवर तुमचं नाव काढून घ्यायचंय व्हय?"

"न्हाई हो दादा. नाव तुमचंच हाय."

"तुमच्या या पार्लरच्या गच्चीवरनं शिरूर गाठणार हाय का आवाज? माझं काम बिघडवायचं, दुसरं काय! भुवया कोरायच्या सोडून नको त्या फंदात पडायचं."

लेपवाल्या बाईने दुसराही डोळा उघडला. अनुपमाताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हौसरावांना वाटलं, चोरी पकडली गेल्यावर माणसाचे कान असेच लाल होतात.

त्यांच्या खिशात फोन वाजला. प्रतिभा. त्यांनी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला.

"हौसराव, घरी चला," सोपानराव म्हणाले. "माझं ऐका, आज नको."

"तुम्हीपण यांच्यातलेच?"

ते तरातरा गच्चीवर गेले. मागून दोघेही धावले. टाकीच्या आडोशाला पत्र्याच्या पेटीत डबा गुरगुरत होता. जोडणी नीटनेटकी होती, हे हौसरावांच्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. त्यांनी प्लग उपटला.

"आता ऐका खरा रिपीटर," ते म्हणाले आणि हातातल्या सेटचं बटण दाबून बोलले, "शिरूर, दौंड, हौसराव बोलतोय. आता आवाज कसा येतोय, सांगा."

बटण सोडलं. कोणी उत्तर दिलं नाही. बटण सोडल्यावर रिपीटरचा येतो तो बारीक 'टूं' आवाजही आला नाही.

त्यांनी पुन्हा हाक दिली. अनुपमाताईंचा सेट घेऊनही दिली. घड्याळात टेस्टची वेळ होऊन गेली.

"सोपानराव, टेकडीवरची लाइट गेली का बघा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला होता, पण त्यातली मिजास गेली होती.

सोपानरावांनी मान खाली घातली.

"टेकडीवर काय बी न्हाई, हौसराव. तुम्ही ऑपरेशनला होता तवाच वीज पडून समदं जळून गेलं. तुम्हाला कळलं तर सोसायचं न्हाई, म्हनून वैनींनी ताईंच्या हातापाया पडून ह्यो डबा हितं लावून घेतला."