मोकळीक

सुवार्ताबाईंचा एकुलता एक मुलगा रूबेन भोकरच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला नऊ वर्षं झाली. चर्चचे तेव्हाचे म्हातारे पाळक दफनाच्या वेळी म्हणाले होते, "बाई, जन्माच्या आधीच देवानं त्याचे दिवस ठरवले होते. कुणाच्या हातात काही नव्हतं." त्या एका वाक्यावर बाईंनी ही नऊ वर्षं ढकलली.

यंदा नांदेडच्या त्यांच्या चर्चला नवे पाळक आले, तरुण आणि शिकलेले. रविवारी उपासना संपल्यावर बाई एकट्याच बाकावर बसून राहिल्या, तसे ते शेजारी येऊन बसले. बाईंनी त्यांना रूबेनचं सांगितलं, जुन्या पाळकांचं ते वाक्यही सांगितलं.

"नाही हो, मावशी," ते कळवळून म्हणाले, "देव असं कुणाचं मरण आधी ठरवून ठेवत नाही. त्यानं माणसाला मोकळीक दिलीय. त्या दिवशी गाडी काढायची की नाही, हे रूबेनच्या हातात होतं. देवानं नाही नेलं त्याला."

"म्हंजी त्या दिवशी घरी राहिला असता तर..."

"तर आज तुमच्याजवळ असता."

पाळकांनी हळूच विचारलं, "आता जरा मन हलकं झालं का?"



"तो न्हाईच म्हणत होता, साहेब. लई आभाळ आलंय म्हणत होता," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मीच बळंच धाडलं त्याला."