हजेरीचं बक्षीस

जालिंदर पुठ्ठ्याची खोकी विकायचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तो वर्षभर दर मंगळवारी नमुन्याचं खोकं घेऊन गेला. मालक जोतीरामशेठ खोक्याकडं न बघताच त्याला चहा पाजायचे. "आमचा जुना खोकीवाला हाय की! तुमी या पुढच्या मंगळवारी."

यंदा खंडेनवमी मंगळवारीच आली. मशीनची पूजा झाल्यावर शेठनी सगळ्या कामगारांदेखत त्यालाच पुढं बोलावलं. "वर्षात एकबी खाडा न्हाय! हजेरीचं बक्षीस ह्यांना."

टाळ्या पडल्या. बक्षीस जुन्या खोकीवाल्याच्याच खोक्यात होतं. जालिंदरनं ते उचललं, तसा तळ फाटला आणि आतली पितळी समई शेठच्या पायावर पडली.

 

पाय चोळत शेठ म्हणाले, "जालिंदरराव, तुमचं ते खोकं दावा की जरा."