शवपेटीचं वॉर्निश

सेरवा गेली, हे दवाखान्यातून सकाळी कळलं. तिचा नवरा आम्पोफो तिला शवागारात ठेवून माम्पोंगला घरी परतला तेव्हा दुपार झाली होती. तिच्या माहेरच्यांनी अंगण भरलं होतं. वॉर्निशचा वास फाटकापर्यंत येत होता.

आंब्याखाली सेरवाचा बाक होता. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिने तो दुधासारखा पांढरा रंगवला होता आणि पाठीवर लाल कोंबडी नि तिची पिल्लं काढली होती. आता तिचा भाऊ याव त्यावर ब्रश फिरवत होता. याव शवपेट्या बनवायचा. तेलाचं वॉर्निश पेट्यांचंच होतं, ब्रशही.

"या भावोजी. शनिवारी अंत्यविधीला आमच्या घराण्यातले मोठे लोक इथे बसणार. म्हटलं, जरा चमकवून टाकू."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? चमक नसली तर लोक म्हणतील, नवऱ्याने पोरीची आबाळ केली."

आम्पोफो वाकला. फळीच्या खालच्या अंगाला सेरवाने आधीच पांढरा देऊन त्यावर वेगवेगळ्या लेपांचे तीन पट्टे मारून महिनाभर वाट पाहिली होती. मेणाचा पट्टा अजून बोटाला चिकटत होता. तेलाचं वॉर्निश पिवळं पडलं होतं. "काविळीचा डोळा," असं तिने नाक मुरडून म्हटलं होतं. पाण्याच्या वॉर्निशखाली पांढरा पांढराच राहिला होता. तेच ती देणार होती, पण वरचा रंग आतपर्यंत वाळल्यावर.

तो उठला. ब्रशचे केस पांढऱ्यात रुतले होते. कोंबडीच्या डोळ्यावर एक माशी चिकटून पाय झाडत होती.

"पुसून काढ."

"आता? दुसरा हात द्यायचाय अजून."

"जावई, रडायचं सोडून बाक काय हुंगतोस?" सेरवाची मावशी ओसरीवरून म्हणाली. ती कोलाची कडू बी चघळत होती, तोंड भरलेलं होतं. "आरशासारखा झालाय बघ. तोंड दिसतंय त्यात."

"तुमचंच दिसतंय, मावशी."

यावने ब्रश डब्याच्या काठावर निपटला.

"भावोजी, उगाच नका चिडू. रीत तुम्हाला ठाऊक आहे. पेटी नवऱ्याने द्यायची, बाईचं सामान माहेरचं. बाक आमचा आहे." मग आवाज मऊ करून म्हणाला, "पेटीची काळजी करू नका. पांढरीच करतो आणि वरून हेच मारतो. घरच्या माणसाला भाव कमी."

"तुझ्या हातची पेटी तिला नको."

"मग काय चटईत गुंडाळणार माझ्या बहिणीला?"

आम्पोफोने डब्याशेजारची टर्पेंटाइनची बाटली उचलली, खांद्यावरचा काळा पंचा भिजवला आणि कोंबडीवरून हलकेच फिरवला. वॉर्निश निघालं. त्याबरोबर कोंबडीही निघाली. पंच्याला तांबडा रंग लागला आणि फळीचं उघडं लाकूड दिसलं.

"घ्या, पुसा," याव म्हणाला.

वाळू दिलं तर पिवळं पडणार होतं. पुसलं तर चित्रच राहणार नव्हतं. आम्पोफो पंचा धरून उभा राहिला. पिल्लं अजून पुसायची होती.