बशीतलं रक्त

"गुरवा, लाव कौल!" अप्पा गरजले.

गुरव पाण्यात भिजवलेले तांदूळ देवाच्या पाषाणावर चिकटवू लागला. उजवीकडचा दाणा आधी गळला, की देवाचा होकार. मग अप्पांच्या सुनेने, तुळसाने, पोरीला घेऊन कायमचं माहेरी जायचं. तुळसा खांबाला टेकून उभी होती. खांद्यावर पोर, पांढरीफटक. गोव्याला नेऊन रक्त चढवलं, की चार दिवस हसायची, पुन्हा निपचित पडायची. दोष कुणाचा? अर्थात सुनेचा! दुसऱ्या कुणाचा असायची सोयच नव्हती.

"थांबा, अप्पा!"

तुळसाची धाकटी बहीण नर्मदा देवळाची पायरी चढून आली. मुंबईच्या प्रयोगशाळेतली ही बाई एसटीतून उतरून तडक इथेच आली होती, हातात बर्फ भरलेला थर्मास. दिवाळीत तिने तुळसाचं रक्त नेलं होतं. रक्तातल्या कोवळ्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्या तांबड्या होताना कुठलं जनुक कामाला लागतं आणि कुठलं झोपा काढतं ते बघायचं, हे तिचं काम.

"काय दिसलां तुका?" सासू काशीबाईने विचारलं.

"ताईच्या पेशींत एक जनुक काम करणा नाय."

"आयकलास मां!" काशीबाईने टाळीच वाजवली. सुनेला घालूनपाडून बोलण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. "मी म्हणत होतंय मां, रगातच वायट हिचां!"

मंडपात हशा पिकला. तुळसाने मान खाली घातली. नर्मदाच्या मात्र मस्तकात तिडीक गेली.

"पुरां आयका आदी!" ती कडाडली. "तसली जनुकां दोन असतत. एक आवशीकडसून येता, एक बापाशीकडसून. एकच बिघडलां तर माणूस धडधाकट जगता, ताई जगता तसो. दोनय बिघडली तरच पोर अशी पांढरी पडता. मगे दुसरां खंयसून इलां? भावोजींचां रगात देवा माका!"

तुळसाचा नवरा बाबली बाही वर सारू लागला. अप्पांनी त्याचा दंड धरून त्याला मागे खेचलं.

"आमच्या घराण्याचां रगात तपासतलंस? तू? आमच्या घराण्यात खोट नाय!"

काशीबाई हसायची थांबली होती.

"बापाशीकडसून पण येता?" तिने हळूच विचारलं.

"निम्मां. बापाशीचां नसलां तर पोर अशी पडणाच नाय."

"पयल्या काळात पण असांच होतां?"

"कायम असांच, मावशी."

"बस झाली बडबड!" अप्पा ओरडले. "गुरवा, लाव रे!"

काशीबाई उठली. सरळ गाभाऱ्याशी गेली आणि गुरवाच्या हातातली तांदळाची वाटी तिने काढून घेतली. सगळे चपापले. बाईमाणसाने असं करावं, म्हणजे कहरच! गुरव तोंड उघडं टाकून बघत राहिला. ती वाटी घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"माजी पयली दोन पोरां अशीच पांढरी होवन गेली, आनी तुमी जलमभर माका पोरां खाणारी म्हणलास. देवाक मगे इचारा. आदी तुमचो हात फुडे करा!"