दोघांचं वजन

मेकॅनिकने दोन इंजिनं शेजारी शेजारी मांडली होती. एक लहान, हलकं. घड्याळजींनी घरामागच्या शेडमध्ये बांधलेलं दोन सीटांचं विमान त्याच मापाने बेतलं होतं. दुसरं मोटारीचं, विमानासाठी बदलून घेतलेलं. थोराड आणि जड.

"काका, हलकं विसरा," मेकॅनिक म्हणाला. "उन्हात तापलं की पिस्टन अडकतो. रस्त्यावर अडकला तर माणूस गाडी ढकलत नेईल. वर काय ढकलणार? हे मोटारीचं घ्या आणि डोळे झाकून बसा."

"मग विमान दोघांना उचलणार नाही. माझे बहात्तर किलो, हिचे साठ. एकाला खाली राहावं लागेल. एकट्यानेच जायचं असतं तर हा खटाटोप कशाला केला असता?"

दाराशी खुर्चीत त्यांची बायको बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. पंखांचं कापड तिनेच मशीनवर शिवलं होतं, आजारी पडायच्या आधी.

"अहो, साठ कधीचे धरलेत?"

ती उठली. कोपऱ्यात सुटे भाग तोलायचा वजनकाटा होता, भिंतीला धरत धरत त्याच्यापर्यंत गेली. घड्याळजी सावरायला धावले.

"हात लावू नका, वजन चुकेल."

काटा चाळीसच्या जरा पुढे थरथरला आणि थांबला.

मेकॅनिकने मनातल्या मनात बेरीज केली. "बसतं की काकू! जड इंजिन घालूनही दोघं आरामात…" पुढचं त्याने गिळलं.

घड्याळजी काट्याकडे बघत राहिले. रोज तिला धरून उठवणाऱ्या, बसवणाऱ्या माणसाला हा आकडा ठाऊक नव्हता.

"चला, दुखणं कुठेतरी कामाला आलं," ती उतरत म्हणाली. मग मेकॅनिककडे वळली. "बसवून, चाचण्या होऊन कधी मिळेल?"

"यात घाई करून चालत नाही, काकू. थंडी उजाडेल."

डॉक्टर कालच बोलले होते. ते पावसाळ्याचीसुद्धा खात्री द्यायला तयार नव्हते.

"हलकंच दे," घड्याळजी एकदम म्हणाले. "ते तयार आहे. मी बसवतो. येत्या रविवारी आम्ही दोघं जातो."

"काका, मी आत्ताच सांगितलं ना…"

"ऐकलं मी."

"आणि वर अडकलं तर?" बायकोने विचारलं.

"अडकू दे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. संसारात इतकी वर्षं ज्या माणसाने गॅस बंद केलाय का हे दोनदा तपासल्याशिवाय घर सोडलं नव्हतं, तो हे बोलत होता. तिला सगळं कळलं. तिने त्यांच्या शर्टाची वर गेलेली कॉलर खाली केली.

"असलं काही मनात आणायचं नाही. माझी शपथ आहे."

घड्याळजींनी मान फिरवली. त्यांचे खांदे हलायला लागले. मेकॅनिक उगाच पाना पुसत बसला.

"मोटारीचंच बसवून दे रे," ती त्याला म्हणाली. "आणि सीट दोन्ही राहू दे."

मग नवऱ्याचा दंड धरून, हळू आवाजात, "माझ्या जागी कोणाला तरी घेऊन जात जा हं. बोलायला कोणी नसलं की तुम्हाला करमत नाही."