उलटी गाठ

मुकादमाने दारातून त्याला हात केला, तेव्हा त्याने यंत्रावर रेशमाची नवी लडी नुकतीच चढवली होती.

"बंद कर ते," मुकादम म्हणाला. "पलीकडे चल. तुझी बायको भांड्यापाशी पडली."

तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खिडक्या नेहमीसारख्या बंद होत्या. वाऱ्याने धागा तुटतो म्हणून त्या उघडायच्या नसत. वाफेत समोरचं माणूस दिसत नव्हतं. बायकांनी तिला जमिनीवर निजवलं होतं आणि तिच्या भांड्यातल्या कढत पाण्यात रेशमाचे कोष अजून गरगरत होते. वर्षभर तिची छाती वाजत होती. मुकादम म्हणायचा, वाफेने कोणी मरत नाही.

त्यानंतर धागा काढायच्या त्या खोलीत तो परत कधी गेला नाही.

कारखान्याच्या चाळीतली खोली घरातले दोघे कामावर असतील तरच मिळायची. आता खोली जाणार, असं धरून त्याने सामान आवरायला घेतलं. पण मुकादम स्वतः आला. "राहा," म्हणाला. "खोलीचं मी बघतो."

माणूस दिसतो तेवढा वाईट नाही, असं त्याला वाटलं. खोली हवी होती ती पोरीसाठी. शाळा तिथून जवळ होती. बायकोचं एकच म्हणणं असायचं, "काय वाटेल ते होऊ दे, माझी ठमी त्या पाण्यात हात घालणार नाही."

त्याचं काम धाग्याला पीळ द्यायचं. दिवसभर धागा बोटांतून सरकायचा आणि मधेच गाठ लागायची. कोषातून काढताना धागा तुटला की बाकीच्या बायका गाठ उजवीकडून मारत. त्याच्या बायकोची उलटी असायची, डावीकडून, दोन फेऱ्यांची. ठमीच्या वेणीची रिबीनही ती तशीच बांधायची. "सुटतच नाही गं आई," म्हणून ठमी कुरकुर करायची.

कोठीत माल साठलेला असे, म्हणून ती गेल्यावरही तिच्या गाठी येत राहिल्या. गाठ लागली की तो यंत्र हळू करायचा.

कोठीवाला हसायचा. "लडीशी बोलतोस काय रे? विचार की, आज स्वयंपाकाला काय आहे."

"विचारलं. म्हणाली, कोठीवाल्याला आणू नका, फार खातो."

मग गाठी कमी झाल्या. एक आठवडा एकही आली नाही. त्या आठवड्यात त्याला घरी जावंसं वाटेना. आणि एक दिवस परत बोटाला उलटी गाठ लागली. जुना माल मागून निघाला असेल. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

तो पहाटे निघायचा, तेव्हा ठमी झोपलेली असे. संध्याकाळी आला की ती आईची शाल गुंडाळून बसलेली दिसे. शालीला अजून कोषांचा वास होता. जेवताना ती शालीच्या टोकातच चमचा धरायची.

"हाताने जेव की गं."

"चमचाच बरा, बाबा."

"शाळेत बाई रागावतात का?"

"हळू केलं तर रागावतात."

"मग भरभर करावं. शहाणी ना तू?"

"हो, बाबा."

आईविना पोर गप्प झाली, असं तो मनाशी म्हणायचा.

एका लडीत उलट्या गाठीच गाठी निघाल्या, वितीवितीवर. बायकोच्या हातून धागा इतका कधी तुटत नसे. तो कोठीत गेला.

"तिचा माल अजून किती राहिलाय?"

कोठीवाला आज हसला नाही. "तिचा कधीच संपला. हा कालचा आहे. तिच्याच भांड्यावरचा."

"तिथे कोण बसतं?"

कोठीवाल्याने लडी उचलून फळीवर ठेवली. "मुकादमाला विचार. खोलीचं त्यानेच बघितलं ना?"

तो घरी आला. ठमी शाल ओढून ताटापाशी बसली होती. वेणीची रिबीन तिची तिनेच बांधली होती. डावीकडून, दोन फेऱ्यांनी.

"बाबा, खोली आपलीच राहणार ना?" तिने विचारलं.

शालीखालचे तिचे हात त्याने अजून बघितलेले नाहीत.