विहीर पुजायचा दिवस

"हलू नको गो," गिरजाबाई म्हणाली आणि तिने लेकीच्या टाळूवर आणखी तेल थापलं.

मालू, त्रेचाळीस वर्षांची बाई, मोरीत पाटावर बसली होती. वेखंडाचा वास आला आणि तिला वरसे गावातलं हेच माहेरचं घर आठवलं, लहानपणचं. तेव्हा घरात कायम कुणी आत्या नाहीतर मावशी बाळंत असायची. शेगडीवर ओवा पडला की घरभर धूर व्हायचा आणि मालू डिंकाच्या लाडवाच्या आशेने बाजेखाली ठाण मांडायची. फार सुखाचे दिवस होते ते.

लग्न करून ती पेणला गेली, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेल्या घरात. हात असा हलका की मुकुटावरची नक्षी तिच्याचकडे. पण सासरच्या बायका तिच्या सपाट छातीवरून हसायच्या. रोज थोडं, गमतीगमतीत. शेवटी तिने मुंबईला जाऊन छातीत सिलिकॉन बसवून घेतलं. नवऱ्याखेरीज कुणाला पत्ता नाही. काही वर्षं बरी गेली. मग सांधे धरले, केस गळायला लागले, हातात ब्रश ठरेना. मूल तर आधीपासूनच नव्हतं. कितीतरी दवाखाने झाले, तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंनी ते सिलिकॉन काढून टाकायला सांगितलं. काढलं आणि मालू विश्रांतीला माहेरी आली. आईला सांगितलं, गाठ होती.

पहिल्याच आंघोळीला गिरजाबाईने दोन्हीकडचे सारखे व्रण पाहिले. विचारलं काहीच नाही. फक्त त्या दिवसापासून शेक, धुरी, कानात कापूस, खसखशीची खीर आणि संध्याकाळी मीठमोहरीची दृष्ट सुरू झाली. बाळंतिणीचाच थाट! आळीत कुजबुज झाली की म्हातारीला चळ लागला. मालूला वाटायचं, पहिलटकरणीचं कौतुक आईच्या हातून राहून गेलंय, करू दे बिचारीला. आणि गुण येत होता हे खरं. तेलाचा, झोपेचा की नको ते अंगातून गेल्याचा, कोण जाणे. एके सकाळी तिने बिरड्याचे वाल स्वतःच्या बोटांनी सोलले आणि एकटीच रडली.

सव्वा महिना झाला तशी गिरजाबाईने विहीर पुजायचं काढलं. बाळंतीण विहिरीची ओटी भरते आणि मग कामाला लागते, अशी इकडची रीत. मालू हादरली. मूल ना बाळ, चार बायकांत कसली पूजा? लोकांचं हसू आता तिला सोसणार नव्हतं. त्यापायीच तर सगळं झालं होतं. तिने सांगून टाकलं की असं काही केलंस तर मी दुपारच्या गाडीने पेणला निघून जाईन. पण ऐकेल तर ती गिरजाबाई कसली. शेवटी आईचं मन मोडवेना म्हणून मालू मागोमाग गेली.

विहिरीवर आळीतल्या बायका जमल्याच होत्या. त्यांत शेजारची विमलबाई, तोंडाची फटकळ.

"बाळंतीण आणलीस ती बरी, गिरजे," ती म्हणाली, "पन बाळ कुठं हाय गो?"

बायका पदराआड हसल्या. मालूने मान खाली घातली. पेणला ऐकलेलं तेच हसू इथवर आलं होतं.

गिरजाबाईने तिला हाताला धरून बाजूला बसवलं. मग गुडघ्यावर हात टेकत बाळंतिणीसाठी मांडलेल्या पाटावर स्वतः बसली. विहिरीला हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली. उठायच्या आधी तिने मालूची हनुवटी वर केली आणि गालावर काजळाची तीट लावली.

"बाळंतीण मी हाय, विमल," ती म्हणाली. "बाळ ह्ये बसलंय."